‘तुरळक ठिकाणी गारपीट’

दिवाळी सरली, गोदाकाठी पहाटेचे धुके उतरू लागले आणि निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातील किमान तापमानाचा आकडा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकू लागला, की नाशिक जिल्ह्यात एका निराळ्या प्रतीक्षेला प्रारंभ होतो. ही प्रतीक्षा वादळाची असते. भूमध्य समुद्राकडून निघालेला एखादा पश्चिमी प्रक्षोभ इराण-अफगाणिस्तान ओलांडून पुढे सरकतो आहे काय, अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र आकार घेते आहे काय, उपग्रहाच्या चित्रात सौराष्ट्रावर ढगांचा पट्टा दिसतो काय, यावर डोळे लावून बसणारा एक वर्ग गेल्या दहा-पंधरा वर्षांत येथे उदयास आला आहे. त्यात निवृत्त शिक्षक आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, शेतीच्या औषधांचे दुकानदार आहेत आणि बागाईतदारांची शिकलेली मुले तर आहेतच. युरोपीय व अमेरिकी संगणकीय प्रतिमानांचे नकाशे ते रात्री-अपरात्री उघडून पाहतात, दोहोंत मतभेद झाला की वाद घालतात, आणि सहा दिवसांनंतरचा पाऊस आजच दिसल्याच्या आनंदात तो गावभर कळवूनही टाकतात.

या छंदाची थट्टा करण्याचे कारण नाही. आकाशाकडे पाहून आडाखे बांधणे हा या प्रदेशाचा जुनाच स्वभाव आहे. सहदेव-भाडळीच्या नावावर खपणारे ठोकताळे, पंचांगातील नक्षत्रे व त्यांची वाहने, बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची अक्षय्यतृतीयेची घटमांडणी, ही सारी त्याचीच रूपे. फरक पडला आहे तो साधनांत. आणि एका महत्त्वाच्या बाबतीत ऋतूतही. जुने आडाखे मुख्यतः मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसासाठी होते. हिवाळ्यातील पाऊस हा त्या हिशेबात अपवाद होता. आज जिल्ह्यातील सर्वांत मोलाचे पीक नेमके हिवाळ्यातच वेलीवर लटकत असते, आणि म्हणून त्या अपवादाला नियमाइतकेच महत्त्व आले आहे. उत्तर अमेरिकेत हिमवादळाची आतुरतेने वाट पाहणारे हौशी लोक असतात; वादळ आले तर शाळेला सुट्टी आणि रस्त्यांवर बर्फाचे ढीग. निफाड-दिंडोरीत वादळ आले तर वर्षाचे उत्पन्न बुडते. येथील हौस आणि धास्ती बहुधा एकाच छपराखाली नांदतात. मुलगा नकाशा पाहून हरखतो आणि बाप त्याच नकाशाकडे पाहून हबकतो.

ही धास्ती काल्पनिक नाही. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि त्याचा पाऊस घाट ओलांडून द्राक्षबागांपर्यंत पोहोचला. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागावर गारांचा मारा होत राहिला. २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘ओखी’ दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याकडे जाता जाता विरले, पण विरतानाही उत्तर महाराष्ट्र भिजवून गेले. २०२१ च्या डिसेंबरच्या प्रारंभी पाऊस व गारठा एकदम आल्याने पुणे व नगर जिल्ह्यांत उघड्या माळावर बसलेली हजारो मेंढरे दगावली. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबईचे आकाश झाकोळले आणि मागोमाग थंडीची लाट आली. आणि २६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार निफाड परिसरातील माणूस सहसा विसरणार नाही. त्या दिवशी उत्तर महाराष्ट्रात वादळी पाऊस व गारांचा इशारा होता. शेजारच्या गुजरातेत त्याच दिवशी विजा पडून वीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. आणि निफाड तालुक्यातील अनेक बागांत सायंकाळपर्यंत पानांच्या चिंध्या झाल्या आणि घड मातीत लोळले.

या वादळांची घडण सर्वसाधारणपणे एकाच तऱ्हेची असते. वरच्या हवेत पश्चिमेकडून थंड वाऱ्याची द्रोणी खाली दक्षिणेपर्यंत उतरते, खालच्या थरात अरबी समुद्र वा बंगालचा उपसागर यांचे बाष्प येऊन पोहोचते, आणि थंड व उष्ण हवेच्या या भेटीत ढग झपाट्याने उंच चढतात. द्रोणी केव्हा येईल हे आजचे शास्त्र तीन-चार दिवस आधी पुष्कळ विश्वासाने सांगू शकते. ढग नेमका कोणत्या शिवारावर फुटेल, हे मात्र ते सांगू शकत नाही. ते कळते फार तर काही तास आधी, रडारच्या पडद्यावर. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत विकसित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ कार्यान्वित झाली. तिच्या जाळीचा एक चौकोन ६ किलोमीटरचा आहे. यापूर्वी तो १२ किलोमीटरचा होता. ही प्रगती लहान नव्हे. तथापि, गारांचा पट्टा पुष्कळदा याही चौकोनापेक्षा अरुंद असतो. एका बाजूची बाग उद्ध्वस्त आणि बांधापलीकडची शाबूत, असे दृश्य गारपिटीनंतर गावोगाव दिसते ते त्यामुळेच.

येथे हवामान खात्याच्या भाषेचा प्रश्न उभा राहतो, आणि या साऱ्या चर्चेत तो सर्वांत दुर्लक्षित राहिला आहे. ‘नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता’ या वाक्याचा अर्थ सामान्य वाचक काय करतो? गारपीट तुरळक, म्हणजे थोडकी, म्हणजे फारशी चिंता नको, असा. वस्तुतः ‘तुरळक ठिकाणी’ ही खात्याची पारिभाषिक संज्ञा आहे. एखाद्या क्षेत्रातील एकचतुर्थांशापर्यंत केंद्रांवर ती घटना घडणे अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. निम्म्यापर्यंत ‘काही ठिकाणी’. पाऊणपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’. त्याहून अधिक असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’. हा शब्द घटनेचा विस्तार सांगतो. तिच्या तीव्रतेशी त्याचा संबंध नाही, आणि ती घडण्याच्या संभाव्यतेशीही थेट नाही. ज्याच्या बागेवर गारा पडतात, त्याच्यासाठी त्या तुरळक नसतात. समजा, दोन किलोमीटर रुंद व पंधरा किलोमीटर लांब असा गारांचा पट्टा पडला. क्षेत्र झाले तीस चौरस किलोमीटर. साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात त्याचे प्रमाण हजारी दोन इतकेच भरेल. खात्याच्या दृष्टीने ही किरकोळ घटना ठरली, आणि त्या पट्ट्यातील सहा-सात गावांच्या दृष्टीने ती सर्वनाश ठरली. आणि दोघांचेही बरोबर आहे. पिवळा, नारिंगी व लाल या रंगांचीही तीच गत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा, हा त्यांचा अर्थ. शेतकऱ्याच्या मनात मात्र ते कमी-अधिक पावसाचे रंग म्हणून रुजले आहेत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता अंदाजाचे मोल त्याच्या अचूकतेत जितके असते, तितकेच किंबहुना त्याहून अधिक ते उपायाच्या उपलब्धतेत असते. हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे. द्राक्षाची गोडी छाटणी साधारणतः सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत होते. नोव्हेंबरात वेल फुलोऱ्यात असतो, डिसेंबरात मणी फुगतात, जानेवारीनंतर साखर भरते. फुलोऱ्यात पाऊस आला तर डावण्या आणि घडकूज. पण यावर फवारणीचा उपाय आहे. समजा, त्या फवारणीला एकरी चार हजार रुपये खर्च येतो आणि ती वेळेवर केल्यास एक लाखाचे नुकसान टळते. मग पाऊस येण्याची शक्यता शेकडा चार असली तरी फवारणी करणे हिशेबाला धरून आहे. अशा शेतकऱ्याला ‘नक्की येणार की नाही’ या उत्तराची गरज नाही; शेकडा दहा आणि शेकडा साठ यांत त्याच्या निर्णयापुरता भेदही नाही. थंडीची गोष्ट अशीच. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. अशा रात्री बागेत ओला पालापाचोळा पेटवून धूर करणे, पहाटे विहिरीचे कोमट पाणी सोडणे, हे कष्टाचे असले तरी आवाक्यातील उपाय आहेत.

गारांचे तसे नाही. नोव्हेंबरातील कोवळ्या घडावर गारा पडणार, हे चार दिवस आधी बिनचूक कळले, तरी उघड्या बागेचा मालक काय करू शकतो? घड कच्चा, काढता येत नाही. वेल मंडपावर, हलवता येत नाही. प्लॅस्टिकचे आच्छादन असेल तरच रक्षण. त्यासाठी एकरी काही लाखांची गुंतवणूक लागते, आणि ती चार दिवसांत नव्हे, चार वर्षांच्या आखणीने व्हावयाची असते. शासनाने प्रायोगिक तत्त्वावर तिला अनुदान देऊ केले, पण प्रयोगाचे क्षेत्र बागांच्या एकूण विस्तारापुढे नगण्य होते. म्हणजे ज्या संकटाचा अंदाज हवामानप्रेमी सर्वाधिक उत्साहाने वर्तवतात, त्याच संकटात छोट्या बागाईतदाराला अंदाजाचा उपयोग सर्वांत कमी. अंदाजाने त्याची झोप मात्र चार रात्री आधी उडते. उलट माळावरच्या मेंढपाळाचे उदाहरण घ्यावे. त्याला हवा असतो फक्त आडोसा. गावातील शाळेची पडवी किंवा बाजार समितीची रिकामी शेड एका रात्रीपुरती उघडली, तरी त्याचा कळप वाचू शकतो. येथे उपाय अत्यंत स्वस्त आहे. पण मेंढपाळांसाठी हवामानाचे नकाशे कोण पाहतो?

फळ पक्व झाल्यावर चित्र पुन्हा बदलते. जानेवारी-फेब्रुवारीत अंदाज आला तर घड काढता येतो. म्हणजे उपाय आहे. पण तो घड विकत घेणाराही तोच अंदाज वाचत असतो. बागेतच सौदा करणारा व्यापारी आभाळाकडे बोट दाखवून भाव पाडतो, आणि अंदाज खोटा ठरला तर पाडलेला भाव काही परत वर नेत नाही. सर्वांना एकाच वेळी मिळालेली माहिती सर्वांना सारखी लाभत नाही. ज्याच्याजवळ शीतगृह आहे, त्याला अंदाजामुळे सवड मिळते. ज्याच्याजवळ नाही, त्याची घाई वाढते. हवामानाचा अंदाज हा सार्वजनिक संपत्तीचा उत्तम नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत दिला जातो: एकाने वापरला म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. नाशिकच्या शिवारात त्या उदाहरणाला एक तळटीप जोडावी लागेल. तो कमी होत नाही हे खरे, पण सौद्यात दोन बाजू असतात, आणि एकीच्या हाती तो हत्यार होतो.

या पार्श्वभूमीवर खासगी भाकितकारांच्या लोकप्रियतेकडे पाहिले पाहिजे. परभणी जिल्ह्यातील पंजाबराव डख यांचे अंदाज मराठवाड्यापासून खानदेशापर्यंत मोठ्या संख्येने शेतकरी ऐकतात. २०२४ साली ते लोकसभेच्या निवडणुकीतही उभे होते, यावरून त्या प्रभावाची कल्पना यावी. सुशिक्षितांत अशा अंदाजांना हसण्याची पद्धत आहे. पण मागणी का निर्माण झाली, हे हसणाऱ्यांनी पाहिले पाहिजे. सरकारी अंदाज ‘शक्यता’ सांगतो, जिल्ह्याच्या भाषेत सांगतो आणि रंगांत सांगतो. खासगी भाकितकार तारीख सांगतो, बोलीत सांगतो आणि ‘औत सोडा’, ‘कांदा झाका’ असे कामही सांगतो. शास्त्राजवळ निश्चितता नाही म्हणून ते ती विकत नाही. बाजारात मात्र निश्चिततेलाच गिऱ्हाईक असते. आक्षेप घ्यावयाचा तो दुसऱ्याच गोष्टीवर. अशा अंदाजांचा कोणी जमाखर्च ठेवीत नाही. दहा वेळा वादळ सांगून तीनदा आले, तर ते तीन लक्षात राहतात. खात्याच्या अंदाजांचे मूल्यमापन निदान होते. चुकला तर टीकेला एक पत्ता असतो. नकाशे पाहून अंदाज प्रसृत करणाऱ्या नाशिकच्या हौशी मंडळींनीही आपले चुकलेले इशारे वहीत टिपून ठेवले, तर त्यांच्या बरोबर आलेल्या इशाऱ्यांचे वजन वाढेल.

शासनाची स्थिती याहून समाधानकारक आहे असे मात्र म्हणवत नाही. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची; शेतीसाठी स्वतंत्र कृषिहवामान विभाग पुण्यात १९३२ पासून आहे. एवढी परंपरा असलेल्या देशात जिल्हा पातळीवरचा सल्ला तालुक्यापर्यंत नेण्यासाठी कृषी विज्ञान केंद्रांमध्ये १९९ जिल्हा कृषिहवामान केंद्रे २०१८ पासून उभी राहिली, आणि २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली.  यंत्रे आता माहिती आपोआप गोळा करतात, हे खरे. परंतु ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा कोणत्या आठवड्यात, छाटणीच्या कितव्या दिवशी, काय अर्थ घ्यावयाचा, हे यंत्र सांगत नाही. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्ला ते काम एका पिकापुरते चांगले करतो. कांद्याच्या रोपवाटिकेला, टोमॅटोला, मेंढराला तसे कोणी नाही. बंद झालेल्या केंद्रांचा खर्च कोणी तरी आता निराळ्या खात्यातून भरीत आहे. तो शासकीय अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

फळपीक विम्याची गोष्ट तर अधिकच गुंतागुंतीची. हवामानावर आधारित या योजनेत अवेळी पाऊस वा कमी तापमान यांची भरपाई बागेतील नुकसान पाहून ठरत नाही; महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राने काय नोंदले, त्यावर ठरते. ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात अशी सुमारे दोन हजार केंद्रे उभी राहिली, ही मोठीच सोय झाली. पण मंडळाच्या एका टोकाला असलेले पर्जन्यमापक दुसऱ्या टोकाच्या ढगफुटीला कोरडे राहू शकते, आणि मग विमा कंपनीच्या वहीत त्या दिवशी पाऊसच पडलेला नसतो. गारपिटीचे संरक्षण ऐच्छिक आहे, त्याला हप्ता जादा आहे, त्याचा कालावधी तारखांनी बांधलेला आहे, आणि नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळविण्याची अट आहे. विमा नसलेल्यांना उरतो पंचनामा. नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असेल तरच मदत. आणि २०२३ च्या नोव्हेंबरातील नुकसानीसाठी राज्याने दर वाढवून बहुवार्षिक पिकांना दिलेली रक्कम हेक्टरी ३६ हजार रुपये होती, तीही तीन हेक्टरांच्या मर्यादेत. एकरी हिशेब केला तर साडेचौदा हजार. द्राक्षाच्या एका एकराचा वर्षाचा खर्च काही लाखांच्या घरात जातो, हे येथे कोणाला सांगावयास नको.

पावसाचे वेळापत्रकही आता विस्कटत चालले आहे. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच राज्यात दाखल झाला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीत पुढील हंगामाचे घड धरण्याचा तो काळ. त्यावेळी लागणारे ऊन मिळाले नाही की डिसेंबरात वादळ न येताही बाग रिती राहते. हिवाळी वादळाकडे डोळे लावून बसणाऱ्यांना हे संकट नकाशावर दिसत नाही, कारण त्यात पाहण्यासारखे, रोमहर्षक असे काही नसते. नुसते मळभ.

आणि तरीही या हौशी मंडळींकडून मोठे काम होऊ शकेल. आज त्यांचे सारे लक्ष उद्याच्या आभाळावर आहे. काल नेमके काय पडले, हे मोजण्यावर नाही. इंग्लंडात जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थाने १८६० पासून पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांची नोंद एकत्र करण्यास सुरुवात केली. पाद्री, डॉक्टर, जमीनदार, शिक्षक असे निरीक्षक जमत गेले आणि १९०० साली सायमन्स वारले तेव्हा त्यांची संख्या तीन हजारांवर गेली होती. अमेरिकेत कोलोरॅडो संस्थानातील फोर्ट कॉलिन्स येथे १९९७ साली पूर आला. शहराच्या एका भागात धो धो पाऊस आणि दुसऱ्या भागात किरकोळ सरी, असे तेव्हा आढळले. त्यातून पुढच्याच वर्षी नागरिकांचे पर्जन्यमापनाचे जाळे उभे राहिले. त्यातील निरीक्षक पाऊस तर मोजतातच, शिवाय अंगणात फोमचा एक तक्ता चांदीसारख्या पातळ वर्खात गुंडाळून ठेवतात. गारा पडल्या की त्यावर खळगे उमटतात. खळग्यांची संख्या व आकार मोजला, की गारा किती, केवढ्या आणि कोणत्या दिशेने आल्या, हे कळते.

असा तक्ता तयार करण्यास शे-दोनशे रुपयांहून अधिक खर्च येऊ नये. निफाड, दिंडोरी, चांदवड व बागलाण या चार तालुक्यांत दर दोन किलोमीटरला एक तक्ता ठेवणे हे राज्य द्राक्ष बागाईतदार संघाच्या आणि ग्रामीण भागातील महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम आहे. पाच-सात हिवाळ्यांच्या अशा नोंदी हाती आल्या, तर गारांचे पट्टे वारंवार कोठून जातात, हे प्रथमच कागदावर येईल. आच्छादनाचे तुटपुंजे अनुदान आधी कोणत्या गावांना द्यावयाचे, याला आधार मिळेल. आणि मंडळातील केंद्र कोरडे होते म्हणून नाकारलेल्या दाव्यापुढे खळगे पडलेला तक्ता ठेवता येईल. विमा कंपन्या तो पुरावा मानतील काय, हा पुढचा प्रश्न आहे. योजनेच्या निविदा निघतात त्या हंगामापूर्वी, आणि अटी ठरतात त्या मुंबई-पुण्यात. तेथे आजवर शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी हप्त्याच्या दराबद्दल पुष्कळ वाद घातला आहे. पुरावा कशाला म्हणावे याबद्दल मात्र फारसा घातलेला नाही.